काड्या हातात घेण्याआधी: चिनी पंगतीला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या निंगबोला पोचल्यावर पहिल्याच दुपारी मी घोळ घातला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाणी आणायला उठायचं होतं, म्हणून दोन्ही चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचल्या आणि गेलो. परत येऊन बघतो तर काड्या वाडग्याशेजारी आडव्या ठेवलेल्या आणि टेबलावरचे सगळे एकाएकी आपापल्या जेवणात गढलेले. शेजारचा सहकारी एवढंच म्हणाला, "असं नाही ठेवायचं." कारण कळलं ते दोन दिवसांनी. गल्लीच्या तोंडाशी एका घरात कुणी गेलं होतं. उघड्या दारातून फोटो दिसत होता, फोटोपुढे भाताचा वाडगा, भातात उभ्या खोचलेल्या दोन काड्या आणि बाजूला जळणारा धूप. म्हणजे भरल्या कॅन्टीनमध्ये मी स्वतःच्या नावाचा पिंड मांडून पाणी प्यायला गेलो होतो.

चाकणच्या एका कंपनीसाठी यंत्रांचे सुटे भाग खरेदी करायला गेलेला मी पुढे चार वर्षं तिथेच राहिलो. आता आपल्याकडचे बरेच जण जातात. मुलं डॉक्टरकी शिकायला, व्यापारी यीवूच्या बाजारात नाहीतर ग्वांगझौच्या प्रदर्शनाला. जाताना गोडा मसाला, थेपले, मेतकूट सगळं नेतात. काड्यांचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" असतं.

काय करू नये याच्या लांबलचक याद्या मिळतात, पण त्या पाठ करून कुणी जेवायला बसत नाही. मी जाणाऱ्याबरोबर दोनच प्रश्न बांधून देतो. मी आत्ता काड्यांनी जे करतोय त्याने कुणाला मरण आठवेल का? आणि त्याने दुसऱ्याच्या घासावर माझा हात पडतोय का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर निर्धास्त जेवा. काड्या वाकड्या धरल्या म्हणून मला कुणी पंगतीतून उठवलं नाही, हसले मात्र पुष्कळ.

पायरी पहिली: नाव नीट घ्या

चिनी नाव रोमन लिपीत वाचून आपण 'कुआइझी' म्हणतो आणि वाढणाऱ्या पोरीला काही कळत नाही. खरा उच्चार मराठी माणसाच्या सोयीचा आहे. आधी 'ख्वाइ' म्हणा, आणि त्याला 'चमचा' या शब्दातला च जोडा. हा च हिंदी भाषकांना शिकावा लागतो, आपल्याला तो आयता मिळालाय.

हे नाव तसं नवंच. जुना शब्द होता 'चू', आणि त्याचं चिन्ह जपानी लोक आजही काड्यांसाठीच लिहितात. पण यांगत्से नदीच्या खालच्या अंगाला, नद्या-कालव्यांच्या मुलखात, नावाड्यांना तो शब्द नकोसा वाटायचा, कारण 'थांबणे' याचाही उच्चार 'चू'च. होडी थांबली की पोट थांबलं. म्हणून त्यांनी मुद्दाम उलटा शब्द धरला: 'ख्वाइ', म्हणजे जलद. पुढे लिहिताना त्या चिन्हाच्या डोक्यावर बांबूची खूण चढली आणि नावाड्यांचा शब्द सगळ्या देशाचा झाला. पंधराव्या शतकातल्या लू रोंग नावाच्या अधिकाऱ्याने हे टिपून ठेवलं आहे. आपण तरी वेगळं काय करतो? बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो; निघताना 'जातो' म्हणणाऱ्याला आजी दारातून परत बोलावते.

याच नावात लग्नाचा आहेरही दडलेला आहे. 'ख्वाइ' म्हणजे लवकर, आणि मागचा तो च लिहायचं चिन्ह 'मुलगा' या अर्थाचं. म्हणून नवरा-नवरीला लाल काड्यांची जोडी देतात: लवकर पाळणा हलू दे. आपण ओटी भरतो त्यातली गोष्ट, फक्त खण-नारळाऐवजी बांबू.

पायरी दुसरी: जोडी निवडा

शिकायला बांबूची किंवा रंग न दिलेल्या लाकडाची जोडी घ्या, टोकाशी बारीक खाचा असलेली. स्टीलची नको, मेलामाइनचीही नको. गुळगुळीत काडीवरून शेंगदाणा कसा उडतो ते तुम्हाला लवकरच कळेल, पण ते पहिल्या दिवशी कशाला.

चिनी जोडी ओळखायची खूण म्हणजे ती हाताच्या बाजूला चौकोनी आणि तोंडाच्या बाजूला गोल असते. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, या जुन्या समजुतीशी तिथले लोक हा आकार जोडतात. कारागिराला विचाराल तर तो सांगेल की चौकोनी बूड टेबलावरून गडगडत नाही आणि बोटांत फिरत नाही. दोन्ही खरं मानायला हरकत नाही. लांबीचंही तसंच. पारंपरिक माप सात त्सुन सहा फन, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर, आणि त्याचा अर्थ लावतात माणसाच्या सात भावना आणि सहा वासना. आपल्या षड्रिपूंचे चुलतभाऊच. मला हा अर्थ मागाहून चिकटवलेला वाटतो. काडी लांब असते कारण भाजी तुमच्या ताटात नसून टेबलाच्या मध्यावर असते, आणि हात तिथवर पोचवायचा असतो. जपानमध्ये ज्याचं त्याचं ताट वेगळं, म्हणून तिथली काडी आखूड. मासा सोलायला टोक अणकुचीदार. कोरियात धातूची, चपटी. तिन्ही जोड्या शेजारी ठेवल्या की कोण कसं जेवतं ते काड्याच सांगतात.

चांदीच्या काड्यांनी विष ओळखता येतं असं दुकानदार हमखास सांगेल. चांदी काळी पडते ती गंधकाने. जुन्या काळच्या सोमलात, म्हणजे आर्सेनिकच्या विषात, गंधकाची भेसळ असायची, म्हणून कधीमधी ती युक्ती लागू पडतही असेल, पण उकडलेल्या अंड्यानेही चांदी काळवंडते. हौस म्हणून घ्या, पहारेकरी म्हणून नको. हस्तिदंती काड्या कुणी जुन्या म्हणून विकायला काढल्या तर हात जोडून निघा. चीनमध्ये २०१७ च्या अखेरीपासून हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि भारतातही तो माल आणता येत नाही. शांग घराण्याच्या शेवटच्या राजाने हस्तिदंती काड्या करवून घेतल्या तेव्हा त्याच्या नात्यातला एक शहाणा वडीलधारा घाबरला, अशी गोष्ट 'हान फेइझ' या प्राचीन ग्रंथात आहे. त्याचं गणित असं: हस्तिदंती काड्या आल्या की मातीचा वाडगा चालणार नाही, जेडचा पेला येईल, जेडच्या पेल्यात साधी भाजी चालणार नाही, मग रेशीम, मग महाल, मग राज्य बुडणार. आणि बुडालं. घरात पहिला महागडा सोफा आणताना मला ही गोष्ट आठवली होती. सोफा आणलाच, तो भाग वेगळा.

वापरून फेकायच्या काड्या शक्यतो टाळा. चीन सरकारने २००६ पासून तसल्या लाकडी काड्यांवर ५ टक्के उपभोग कर लावला, जंगलाचा फडशा बघून. नाइलाजाने घेतल्याच तर सुट्या केल्यावर एकमेकींवर घासत बसू नका. 'तुमच्या काड्यांना कुसळं आहेत' असं मालकाला तोंडावर सांगितल्यासारखं होतं.

बांबूची जोडी धुतली की कोरडी करून, टोकं वर ठेवून उभी करायची. निंगबोला जून-जुलैत प्लमच्या मोसमातला जो पाऊस लागतो तो थेट कोकणातला आषाढ. चपलांपासून काड्यांपर्यंत सगळ्याला बुरशी. काळे ठिपके दिसले की ती जोडी फेकायची, घासून वाचवायची नाही.

पायरी तिसरी: हाताला शिकवा

आधी मनातली अढी काढून टाकू. आपण हाताने जेवणारे, ते काड्यांनी. आपण कुठेतरी मागासलेले, असं एक ओझं बरेच जण घेऊन बसतात. प्राचीन चिनी लोकही धान्य हातानेच खात. 'लीजी' या शिष्टाचारांच्या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय की वरीसारखं शिजवलेलं धान्य काड्यांनी खाऊ नये. काड्या फक्त भाजीचे तुकडे असलेल्या रश्शासाठी, आणि रश्शात भाजी नसेल तर त्याही नकोत. शिवाय चारचौघांत जेवताना भाताचे गोळे वळू नयेत आणि हातातला घास परत भांड्यात टाकू नये. हे वाचताना मला आमच्या आजोबांचा आवाज ऐकू आला.

मग काड्या एवढ्या वर कशा आल्या? त्या मुळात स्वयंपाकघरातल्या. शांग राजांच्या आन्यांग या राजधानीच्या उत्खननात सापडलेल्या, इ.स.पू. १२०० च्या आसपासच्या काशाच्या काड्या बहुधा जेवायच्या नव्हत्याच, उकळत्या भांड्यातून काही उचलायच्या होत्या. भाजी-मांस आतच बारीक चिरून आणायची रीत पडली, त्यामुळे ताटाशी सुरी लागेना. त्यातून सरपणही वाचतं, बारीक चिरलेलं झटकन शिजतं. पुढे गव्हाचे नूडल्स आणि डम्पलिंग आले, मग चिकट तांदूळ सगळीकडे पसरला, आणि धान्यासाठीचा मोठा चमचा हळूहळू बाजूला सरला. मिंग घराण्याच्या काळापर्यंत (चौदावं ते सतरावं शतक) त्याच्याकडे फक्त सूप उरलं. एवढ्या बदलाला दोनेक हजार वर्षं लागली. तुम्हाला आठवडा पुरेल.

आता हात.

एक काडी अंगठ्याच्या बेचक्यात ठेवा आणि तिचा पुढचा भाग अनामिकेच्या कडेवर टेकवा. ही खालची काडी. हिने हलायचं नाही, हे पक्कं. दुसरी काडी वरून, पेन धरतो तशी: अंगठ्याचं टोक, तर्जनी, मधलं बोट. हलते ती हीच. तर्जनी आणि मधलं बोट उचललं की चोच उघडते, दाबलं की मिटते. दोन्ही टोकं एका रेषेत आली नाहीत तर ताटलीवर हलकेच टेकवून सारखी करा, आपटू नका. पकड काडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असू द्या. नवशिका घाबरून टोकाजवळ धरतो आणि मग मनगट भाजीत बुडतं.

पकडीवरून तिथल्या म्हाताऱ्या भविष्यही सांगतात. मुलगी काडी जितकी वर धरेल तितकं लांब तिचं सासर. आमच्या ऑफिसातली एक मुलगी अगदी बुडाशी धरायची आणि तिच्या आईला याची खरोखर काळजी होती.

दोन चुका जवळपास सगळेच करतात. एक, दोन्ही काड्यांची कात्री होते. याचा अर्थ खालची काडी हलतेय. दोन, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबतात. मग फ्लॉवरचा तुकडा समोरच्याच्या मांडीवर. पदार्थ दाबून धरायचा नसतो, उचलायचा असतो.

सराव घरीच करा, निघण्याच्या आठवडाभर आधी. पहिले दोन दिवस फ्लॉवर किंवा पनीरचे तुकडे, मग भिजवलेले काबुली चणे, मग शेंगदाणे. भातासाठी बासमती घेऊ नका, त्याचा दाणा दाण्याला ओळख देत नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या, थोडा मऊ शिजवा. चीनमध्ये मिळणाऱ्या भाताच्या तो पुष्कळ जवळ जातो. रोजचं एक जेवण काड्यांनीच, असा नेम केलात तर चौथ्या दिवशी हात बोलायला लागेल. घरचे हसतील. हसू द्या.

डावखुरे असाल तर जुन्या घरात उजव्या हाताने खा असं म्हणणारं कुणी भेटू शकतं, कारण गोल टेबलावर कोपर कोपराला लागतं. कडेची जागा मागून घ्या, प्रश्न मिटला. आणि रेशमी टोफू, सूप, शेवटी उरलेला रस्सा यांना चमचा घ्यायचा असतो. आखूड दांड्याचा चिनी मातीचा चमचा त्यासाठीच ठेवलेला असतो. काड्या आणि चमचा दोन्ही एकाच मुठीत मात्र धरू नका.

पायरी चौथी: बसणं आणि वाट बघणं

दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. तिथे आपणहून बसू नका. बसवलं तर एकदा नको म्हणा, मग बसा. पदार्थ आले तरी काड्या उचलू नका. वयाने किंवा मानाने मोठा माणूस उचलेल, मग तुम्ही. आपल्याकडे 'वदनी कवळ' होईपर्यंत मुलांना जसं थोपवून धरतात, तेवढाच वेळ लागतो.

ग्वांगझौकडे गेलात तर एक गंमत दिसेल. लोक पहिला गरम चहा पिण्याऐवजी वाडग्यात ओततात आणि त्यात काड्या, पेले, चमचे विसळून घेतात. त्यात हॉटेलवाल्याचा अपमान नाही. तिथली रीत आहे, तुम्हीही विसळा. तिथेच कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच ठोकायची. तो नमस्कार.

भाताचा वाडगा उचलून हातात घ्यायचा. हे आपल्याला जड जातं, कारण ताट उचलून जेवणाऱ्याला आपल्याकडे बोलणी बसतात. तिथे उलटं आहे. वाडगा टेबलावर ठेवून त्यावर वाकणारा माणूस गोठ्यातला वाटतो. वाडगा ओठाशी न्या आणि भात काड्यांनी सरळ तोंडात लोटा. दाणा-दाणा वेचत बसणारा परदेशी माणूस बघून त्यांना कीव येते.

मोठी माणसं गावाची चौकशी करतील. 'महाराष्ट्र' कळेलच असं नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव त्यांच्या चिनी रूपात घेऊन बघा: ख दीहुआ. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. साठीच्या पुढच्या माणसाचा चेहरा या नावाने बदललेला मी दोनदा पाहिला आहे.

पायरी पाचवी: मधलं ताट आणि उष्ट्याचा प्रश्न

खरी परीक्षा इथे आहे, आणि ती बोटांची नाही.

भाज्या टेबलाच्या मध्यावर. सगळ्यांच्या काड्या तिथे जाणार, तिथून तोंडात, आणि पुन्हा तिथे. उष्ट्या-खरकट्यावर वाढलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यात यजमानीण तिच्या स्वतःच्या काड्यांनी माशाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलून तुमच्या वाडग्यात ठेवते आणि खाताय का ते बघत बसते. तो तुकडा म्हणजे माया आहे. "नको" म्हणालात तर तिला वाटतं, माझं वाढलेलं नको. मी पहिल्या खेपेला वाडग्याच्या कडेला तो तुकडा लपवून ठेवला होता. तिने पाहिलं, बोलली नाही.

माझी समजूत काढली ती शेजारच्या घरातल्या एका प्रसंगाने. सहा-सात महिन्यांचं बाळ मांडीवर, आजोबांनी काडीचं टोक रश्शात बुडवून त्याच्या जिभेला लावलं. बाळाने तोंड वाकडं केलं, सगळे हसले. जगातली पहिली चव काडीच्या टोकावरून. आपण बाळाच्या पहिल्या घासाला काय म्हणतो? उष्टावण. तिथे बसल्या बसल्या मला तो शब्द पहिल्यांदा ऐकू आल्यासारखा झाला. आपल्याकडेही प्रेमाची सुरुवात उष्ट्यापासूनच होते, नियम मागाहून येतात.

पण हा पेच फक्त आपला आहे असं समजू नका. तो त्यांनाही शंभर वर्षं छळतो आहे. १९१०-११ साली ईशान्य चीनमध्ये प्लेगची भयंकर साथ आली तेव्हा वू लिएन-तेह या डॉक्टरांनी ती आटोक्यात आणली. मास्क वापरायचा आग्रह धरला तो त्यांनीच. याच माणसाने पुढे चिनी जेवणाच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. सगळ्यांच्या काड्या एका भांड्यात म्हणजे रोगाला आमंत्रण, हे त्यांना दिसत होतं; पण पंगत मोडून ज्याची त्याची वेगळी ताटं करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, हेही ठाऊक होतं. त्यांनी मधला मार्ग सुचवला: टेबलाच्या मध्यावर फिरती तबकडी, आणि प्रत्येक पदार्थाला वाढण्यापुरता वेगळा चमचा आणि काड्या. आज मोठ्या हॉटेलांत फिरणारी काच दिसते, तिच्यामागे असाही विचार आहे.

या वाढायच्या काड्यांना म्हणतात 'कुंगख्वाइ', सगळ्यांच्या काड्या. २००३ च्या सार्सनंतर आणि २०२० च्या करोनानंतर सरकारने त्यांचा जोरात प्रचार केला. हॉटेलात तुमच्यापुढे दोन रंगांच्या दोन जोड्या मांडलेल्या दिसल्या तर एक तोंडाची, दुसरी वाढायची. कुठली कुठली ते शेजाऱ्याकडे बघून ठरवा. घरी मात्र बहुतेकदा एकच जोडी, कारण घरच्यांमध्ये वेगळ्या काड्या म्हणजे परकेपणा असं मानणारे पुष्कळ आहेत.

तुम्ही काय करायचं? हॉटेलात निःसंकोच 'कुंगख्वाइ' मागा, कुणी वाईट मानत नाही. घरी मागू नका. भाजी येताक्षणी, सगळ्यांच्या काड्या पडायच्या आधी आपल्या वाडग्यात थोडी घेऊन ठेवा. मात्र मोठ्यांनी सुरुवात केल्यावरच. आणि यजमानिणीने ठेवलेला तुकडा खा.

शाकाहारी असाल तर हेच जास्त काटेकोर करा. वाढायच्या काड्या डुकराच्या मांसातून थेट तुमच्या पालेभाजीत येतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बसण्याआधी सांगा, फोनवर चिनी लिपीत लिहून ठेवा, आणि तुमच्या पदार्थाला वेगळी जोडी मागा. बौद्ध मठांजवळची शाकाहारी हॉटेलं या बाबतीत उत्तम. तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा जैन मंडळींचीही बरीच सोय होते.

मधल्या ताटाचे बाकीचे नियम दुसऱ्या प्रश्नात बसतात. काड्या हवेत फिरवत 'काय घेऊ' असा विचार करायचा नाही. आधी ठरवा, मग हात पुढे करा. खालचा चांगला तुकडा शोधायला भाजी उपसायची नाही. तिथे याला थडगं उकरणं म्हणतात, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदमच नापास. आपल्या बाजूचं घ्या. उचललेलं परत टाकू नका. रस्सा थेंब थेंब गळत नेऊ नका, त्याला त्यांचा शब्द आहे अश्रू ढाळणारी काडी. पदार्थ भाल्यासारखा टोचू नका. आणि दुसऱ्याच्या हातावरून हात नेऊ नका. काच फिरते, थांबा.

पायरी सहावी: मरण, भीक आणि विनोद

उभ्या काड्यांचं सांगून झालं. तसंच लहानमोठ्या काड्यांची जोडी लावून जेवू नका. 'तीन लांब, दोन आखूड' हा तिथला वाक्प्रचार कुणाचं बरंवाईट होण्यासाठी वापरतात आणि त्याचा संबंध शवपेटीच्या फळ्यांशी लावतात. वाडग्यावर काड्यांनी ताल धरू नका, तो भिकाऱ्याचा इशारा. काडी कुणाच्या तोंडावर रोखून बोलू नका. काडीने काडीला घास देण्याची मनाई आपण ऐकलेली असते ती मुळात जपानची आहे. तिथे दहनानंतर अस्थी तशा उचलतात. चीनमध्येही शक्यतो वाडग्यातच ठेवा.

आणि काड्यांवर विनोद नकोत. केसांत खोचणं, दातांत धरून हत्तीचे सुळे करणं, फोटो काढून टाकणं. २०१८ मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने जाहिरातीत चिनी तरुणीला काड्यांनी पिझ्झा खायची धडपड करताना दाखवलं. एवढा संताप झाला की त्यांचा शांघायमधला सोहळा रद्द करावा लागला. स्वतःच्या फजितीवर मात्र मनसोक्त हसा, त्याने टेबल मोकळं होतं.

किनाऱ्यावर असाल तर माशाचं लक्षात ठेवा. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही, कारण उलटलेला मासा म्हणजे उलटलेली होडी. मधला काटा उचलून खालचं मांस घ्यायचं. निंगबोकडच्या कोळी घरांत 'उलट' हा शब्दही काढत नाहीत, वेगळंच काही म्हणतात.

जेवण झालं की काड्या त्यांच्या छोट्या टेकूवर ठेवा, टेकू नसेल तर वाडग्याशेजारी, दोन्ही सारख्या. वाडग्यावर आडव्या ठेवण्याबद्दल मतं गावागणिक बदलतात. पूर्वी तो आदर होता. माझं झालं, तुमचं होईपर्यंत बसलो आहे, असा. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाबरोबर जेवताना थांग सू नावाच्या अधिकाऱ्याने शेवटी दोन्ही हातांनी काड्या आडव्या धरून असाच मान दिला, अशी कथा आहे. सम्राटाने विचारलं, ही कुठली रीत? तो म्हणाला, लहानपणी शिकलेली गावाकडची. सम्राट भडकला: गावठी रीत सम्राटापुढे? आणि त्याला हद्दपार केलं. तेव्हा शेजारी ठेवा आणि सुटा.

परत येताना काय आणायचं

काड्यांचा संच भेट म्हणून चांगला. लग्नाला लाल, मित्राला साध्या. थांग घराण्याच्या श्वानझोंग सम्राटाने सोंग चिंग या प्रधानाला आपल्या हातातल्या सोन्याच्या काड्या दिल्या. तो गोंधळला. सम्राट म्हणाला, सोनं देत नाही, काड्या देतो आहे. तू त्यांच्यासारखा सरळ आहेस. कुणाला भेट देताना ही गोष्ट सांगा, शंभर रुपयांच्या बांबूलाही वजन येतं.

शेवटी एक वाक्य कानात ठेवा, कारण ते कुठल्याही दिवशी अचानक येईल. आमच्या शेजारच्या आजींना मी तिथल्या रीतीप्रमाणे 'आयी' म्हणायचो. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मावशी किंवा काकू, पण माझ्या तोंडी तो कसा वळायचा ते तुम्हाला कळेल. संध्याकाळी जिन्यात भेटलो की विचारायच्या, जेवलास का? नाही म्हटलं की म्हणायच्या, "थ्येन श्वांग ख्वाइच." एक जोडी वाढवू, बस. 'आमटीत पाणी वाढवू'चं ते चिनी रूप. नवीन वर्षाच्या आदल्या रात्री घरचं कुणी लांब असेल तर त्याच्यासाठीही अशीच जास्तीची जोडी आणि वाडगा मांडतात.

हे आमंत्रण आलं की एकदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की चपला काढून आत जायचं, रिकाम्या हाताने असाल तर तसंच. फळं दुसऱ्या दिवशी द्या.